डब्याच्या बुडावरची तारीख

डबा कचऱ्यात टाकण्याआधी मी तो उलटा केला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. आम्ही दोघं सुखानं जगलो असतो, किंवा जे व्हायचं ते झालं असतं. पण निदान मधले तीस तास तरी शांतपणे गेले असते. पण डब्याच्या तळाशी चरबीचा ओघळ साचला होता. तो पिशवीत सांडू नये म्हणून मी डबा बेसिनवर निथळत धरला, आणि बुडावर बारीक काळ्या अक्षरांत छापलेली तारीख माझ्या चष्म्यासमोर आली.

मी ती तीन वेळा वाचली. पहिल्यांदा वाटलं, ही डबा तयार केल्याची तारीख असेल. दुसऱ्यांदा वाटलं, वर्षाचा शेवटचा आकडा पुसला गेला असेल. तिसऱ्यांदा मी अंगठ्यानं घासून बघितलं. काही पुसलं गेलेलं नव्हतं. डब्यातलं मांस खायची मुदत संपून चार वर्षं आणि सात महिने झाले होते, आणि ते खाऊन आम्हाला पंधरा मिनिटं.

'आम्हाला' म्हणजे मला आणि माझ्या सासऱ्यांना. मी एकटा असतो तर गोष्ट वेगळी होती. माझ्या जिवाचं बरंवाईट झालं तर बायको रडली असती आणि कालांतरानं सावरली असती. पण तिच्या वडिलांचं काही झालं असतं, आणि मी मात्र वाचलो असतो, तर त्या वाचण्याला काही अर्थ उरला नसता.

सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. आठ दिवसांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता, आणि त्यासाठी ते आमच्याकडे राहायला आले होते. वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्यभर एका गोदामाच्या वजनकाट्यावर मुख्य म्हणून काम केलेलं. भरलेला ट्रक काट्यावर चढायच्या आधीच त्याचं वजन सांगायचे म्हणतात, आणि मनुष्य दारातून आत आला की त्याचंही वजन तसंच करायचे. माझं त्यांनी अठरा वर्षांपूर्वी एकदा केलं होतं. आकडा मला कधी सांगितला नाही, पण चेहऱ्यावरून मी समजून गेलो होतो. तेव्हापासून आमच्यात 'बरं आहे ना?' आणि 'बरं आहे' यापलीकडे फारसं काही झालेलं नव्हतं.

बायकोला ऑफिसच्या प्रशिक्षणासाठी चार दिवस बाहेरगावी जावं लागलं. जाताना तिनं दोन दिवसांचा स्वयंपाक करून डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, डोळ्यात थेंब घालायच्या वेळा फ्रिजवर लावल्या आणि मला बजावलं, "शनिवारी कोपऱ्यावरच्या हॉटेलातून मागवा. तुम्ही काही करायला जाऊ नका." मी जाणारही नव्हतो. पण शुक्रवारी संध्याकाळी अप्पा फोनवर तिच्याशी बोलत होते ते मी ऐकलं. "हो, वाढतात की. तूच केलेलं गरम करून वाढतात."

त्या 'तूच'नं घात केला. शनिवारी सकाळी मी कपाट उपसलं. सगळ्यात मागे, तांदळाच्या बरणीच्या आड, चौकोनी डबाबंद मांसाचा तो डबा होता. झाकणाची कडी ओढताच तुटून हातात आली. मग मी स्क्रू पिळायचा पेचकस आणि हातोडी घेऊन डबा फोडला, त्यात अंगठाही थोडा फोडला, आणि कांदा-बटाटे घालून सगळं चांगलं अर्धा तास परतलं. अप्पांनी पहिला घास घेतला. मी श्वास रोखून उभा. ते म्हणाले, "बरं झालंय." आणि त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

अठरा वर्षांत त्यांनी माझ्याकडून दुसऱ्यांदा घेतलेली ती पहिली गोष्ट. आणि ती ही.

इथे एक कबूल करायला हवं, कारण नाहीतर कुणीतरी दुसरं सांगेलच. मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात आहे. येणाऱ्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का मारणं, हे माझं गेल्या सव्वीस वर्षांचं काम. मुदतीनंतर आलेला अर्ज मी दुरून ओळखतो. असे अर्ज घेऊन आलेली रडवेली माणसं मी शांतपणे परत पाठवली आहेत. आणि मीच तो डबा हातात घेऊन, फोडून, ओतून, शिजवून, वाढून मोकळा झालो होतो.

मी बाहेरच्या खोलीत डोकावलो. अप्पा खुर्चीत मान टाकून बसले होते. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. मी चवड्यांवर जवळ गेलो आणि त्यांच्या नाकाशी हात धरला.

"काय?" अप्पा डोळे न उघडता म्हणाले.

"काही नाही. माशी होती."

"कांद्याचा वास येतोय हाताला," ते म्हणाले आणि पुन्हा झोपले.

मी डबा जिन्याखालच्या मोठ्या पिंपात टाकून आलो, म्हणजे पुरावा घरात नको, आणि सरळ कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेलो. त्याला म्हटलं, माझ्या एका मित्रानं मुदत संपलेलं डबाबंद मांस खाल्लंय.

"किती दिवस झाले मुदत संपून?"

"दिवस नाही."

"मग? महिने?"

"महिने आहेत. सात."

"सात महिने!"

"आणि चार वर्षं."

औषधवाल्यानं हातातली बाटली खाली ठेवली. आतून आपल्या बायकोला बोलावलं. दोघांनी मिळून मला नीट बघून घेतलं, जसं काही मला पुन्हा बघायची वेळ येणार नव्हती. "मित्राला सांगा," तो हळूच म्हणाला, "पालिकेचं अन्न तपासणीचं कार्यालय आहे. शनिवारी दोनपर्यंत उघडं असतं. तिथे हे सगळं कळतं. पण डबा घेऊन जायला सांगा, डब्याशिवाय ते उभंही करत नाहीत."

म्हणून मी परत आलो आणि कमरेपर्यंत पिंपात शिरलो. अंड्याची टरफलं, ओल्या चहाची पूड, कुणाचा तरी तुटलेला कंगवा. शेवटी डबा हाताला लागला, आणि त्याच क्षणी मागून आवाज आला, "काय शोधताय?"

वरच्या मजल्यावरचे विमावाले. हे गृहस्थ इमारतीत सगळ्यांच्या दुःखात सगळ्यात आधी पोहोचतात. खोटं बोलायची शक्ती माझ्यात उरली नव्हती. मी सांगून टाकलं.

मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमची पॉलिसी चालू आहे ना?"

"आहे. का?"

"नाही, सहज. वारस म्हणून कुणाचं नाव आहे?"

"बायकोचं."

"चांगलं आहे," ते म्हणाले. "वहिनींची मला काळजी वाटते." आणि ते जिना चढून गेले. पाय न वाजवता, आजाऱ्याच्या खोलीतून जावं तसे.

अप्पांना एकटं सोडून जाणं शक्य नव्हतं. मागे काही झालं तर? मी त्यांना उठवलं आणि म्हटलं, "चला, जरा पाय मोकळे करून येऊ." त्यांनी आश्चर्यानं माझ्याकडे बघितलं. मी असं कधी म्हटलेलं नव्हतं. पण काही न विचारता त्यांनी शस्त्रक्रियेनंतरचा तो मोठा काळा चष्मा लावला आणि निघाले. वाटेत मी दर दहा पावलांनी विचारत होतो, "कसं वाटतंय?" सातव्या वेळी ते म्हणाले, "चांगलं वाटतंय. तुम्ही इतकी चौकशी करता हे माहीत नव्हतं मला." मला तोंड लपवायला जागा नव्हती.

कार्यालयात मी त्यांना दारापाशी बाकावर बसवलं. "माझं एक छोटं काम आहे, पाच मिनिटं," असं सांगून मी डब्याची पिशवी घेऊन खिडकीशी गेलो. खिडकीवर एक बाई होत्या. त्यांनी डबा बघितला, तारीख बघितली, एक छापील अर्ज पुढे ओढला आणि लेखणी उघडली. त्यांचा आवाज खणखणीत होता. अशा कामाला तो लागत असावा.

"तक्रार कुणाविरुद्ध?"

"तक्रार नाही," मी कुजबुजलो. "फक्त विचारायचंय, काही धोका आहे का."

"तक्रारीशिवाय विचारता येत नाही. डबा विकला कुणी?"

"आठवत नाही. आम्ही या घरात येऊन सहा वर्षं झाली. तो बहुधा सामानाबरोबरच आला."

"मग शिजवलं कुणी?"

"मी."

"वाढलं कुणी?"

"मीच."

"म्हणजे तक्रार तुमची, तुमच्याविरुद्ध," असं म्हणत त्यांनी दोन्ही रकान्यांत माझं नाव लिहिलं. "व्यवसाय?"

"लिपिक. आवक-जावक."

"म्हणजे तारखेचे शिक्के मारता ते?"

मी मान हलवली. बाईंनी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं. नोकरीत मला दोनदा मेमो मिळाला आहे. त्या दोन्ही मेमोंनी मिळून मला इतकं लागलं नव्हतं.

"नमुना? तपासणीला कमीत कमी दोनशे ग्रॅम लागतं."

"शिल्लक नाही. खाल्लं सगळं."

"मग तपासायचं काय? बरं, बाधित व्यक्ती किती?"

"दोन," मी इतक्या हळू म्हटलं की मलाच ऐकू आलं नाही.

"दोन!" त्या खणखणीतपणे म्हणाल्या. "दुसरी व्यक्ती हयात आहे का?"

मागे बाक करकरलं.

"आहे," अप्पांचा आवाज आला. "सध्या तरी."

मी वळलो नाही. वळायची हिंमतच झाली नाही. अप्पा काठी टेकत खिडकीशी आले, माझ्या शेजारी उभे राहिले आणि बाईंना म्हणाले, "मी साधारण एकशे नव्वद ग्रॅम खाल्लंय. यांनी थोडं कमी. नमुना हवाच असेल तर आम्हाला ठेवून घ्या."

"माणसं तपासायचा विभाग वेगळा," बाई म्हणाल्या. "समोरच्या गल्लीत दवाखाना आहे. या अर्जाचं उत्तर एकवीस दिवसांत पत्त्यावर येईल."

रस्त्यावर आल्यावर अप्पा गल्लीच्या तोंडापर्यंत काठी टेकत गेले. मग थांबले.

"किती जुनं?"

"चार वर्षं सात महिने."

त्यांनी थोडा विचार केला. "मला वाटलं, मिरी जास्त झालीय," ते म्हणाले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई थकलेल्या होत्या, पण त्यांनी सगळं ऐकून घेतलं. डबा फुगला होता का? नव्हता. गंजला होता? नाही. उघडताना फस्स असा आवाज आला? मी म्हटलं, मी हातोडीनं उघडला, त्यामुळे दुसरा कुठला आवाज आला असला तरी ऐकू आला नसता. त्यांनी दोघांची नाडी बघितली, पोट दाबलं, डोळ्यांत बॅटरी मारली.

"अर्धा तास शिजवलंय ना? मग बहुतेक काही होणार नाही," त्या म्हणाल्या. "पण अशा डब्यांतून क्वचित एक वाईट विषबाधा होते. पापण्या जड होऊन खाली येतात, एकाच्या जागी दोन दिसायला लागतात, गिळता येत नाही. यातलं काहीही झालं तर एक मिनिट न दवडता इथे या. उद्या संध्याकाळपर्यंत एकमेकांवर लक्ष ठेवा."

त्या 'बहुतेक'नं माझी पाचावर धारण बसली. 'नाही' म्हटलं असतं तर मी नाचत घरी गेलो असतो, 'हो' म्हटलं असतं तर तिथेच खाटेवर आडवा झालो असतो. 'बहुतेक' घेऊन माणसानं कुठे जायचं?

आम्ही घरी गेलो आणि एकमेकांसमोर खुर्च्या मांडून बसलो.

मी दर तासाला तपासणी ठरवली. आधी एक चमचा पाणी गिळायचं, मग पापण्या बघायच्या, मग मी बोट उभं धरायचं. पाणी दोघांनाही गिळता येत होतं, पण भीतीनं घसा इतका कोरडा पडला होता की मला प्रत्येक चमच्याला शंका यायची. पापण्यांची अडचण अशी, की अप्पांच्या पापण्या मुळातच निम्म्या खाली असतात. जगाकडे ते अर्ध्या डोळ्यानंच बघत आले आहेत. किती खाली म्हणजे नेहमीच्या आणि किती खाली म्हणजे विषाच्या, हे ठरवायला मी आमच्या लग्नाचा फोटो काढला. त्यात तर त्यांचे डोळे जवळजवळ मिटलेलेच होते. मुलीचं लग्न माझ्याशी होत होतं म्हणूनही असेल.

"अप्पा, मी एक दिसतोय की दोन?"

"एकच. आणि पुरे आहात."

संध्याकाळी बायकोचा फोन आला. "काय जेवलात?"

"ब्रेड," मी म्हटलं.

"नुसता?"

"नुसता कसा? बटाटे होते."

"अप्पांना द्या बरं."

मी हात जोडून अप्पांकडे बघितलं आणि फोन पुढे केला. त्यांनी तो कानाला लावला, माझ्या जोडलेल्या हातांकडे थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "जेवण झालं. जरा वजनदार होतं. थेंब घातले चार वेळा. ठेवतो."

रात्रीबद्दल मी काही सांगणार नाही. दोघंही झोपलो नाही आणि दोघांनीही झोपल्याचं सोंग केलं, एवढं पुरे.

रविवारी सकाळी विमावाले आले. दारातच उभे राहिले. आधी माझ्याकडे, मग अप्पांकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघून त्यांनी सुस्कारा सोडला. चहा विचारला तर घाईघाईनं "नको, नको" म्हणाले, जणू चहासुद्धा त्या डब्यातूनच निघणार होता. मग खुर्चीच्या काठावर बसून त्यांनी त्यांच्या एका ओळखीच्या माणसाची हकिगत सांगितली. असाच डबा, असंच मांस. "दुसऱ्या दिवशी सकाळी मी भेटलो तर चांगला हसतबोलत होता हो. अगदी तुमच्यासारखा. म्हणाला, मला काही झालं नाही. आणि दुपारी…"

"दुपारी काय?" माझा आवाज फाटला.

"जाऊ दे. तुम्ही धीर धरा."

"तुम्ही आता वर जा," अप्पा म्हणाले. "आम्ही गेलो की कळवू."

विमावाले गेले, पण ती 'दुपारी' मागे ठेवून गेले. बारा वाजले. एक वाजला. आम्ही ब्रेड खाल्ला, प्रत्येक घास मोजून. काठीवरची अप्पांची बोटं सारखी हलत होती, आणि मला पहिल्यांदाच कळलं की हा माणूसही घाबरतो. ते कळल्यावर माझं उरलंसुरलं बळ गेलं. तोवर मला वाटत होतं, दोघांपैकी एकाला तरी भीती नाही.

चारच्या सुमाराला माझा डोळा लागला. दचकून उठलो, टेबलावर चाचपून चष्मा लावला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

दोन घड्याळं होती. एक वर, एक खाली. दोन्हींत चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी डोळे चोळले. दोन. खिडकीकडे बघितलं. खिडकीची चौकट दोनदा. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पूर्वी कधी काढला नव्हता.

"अप्पा! मला दोन दिसताहेत!"

अप्पा इतक्या झटकन उठले की काठी खाली पडली. "काय दोन?"

"सगळं! घड्याळ! तुम्ही!"

"खाली बस," ते म्हणाले. "बस म्हणतो ना! श्वास घे." अठरा वर्षांत त्यांनी मला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातानं दवाखान्याचा नंबर लावायला लागले. एका डोळ्यानं, टेबलावरच्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर नाक टेकवून. नंबर लागेना. पुन्हा लावला. पुन्हा लागेना. मला माझी जीभ जड वाटायला लागली. आता बोलता येणार नाही, असं वाटलं, आणि जे बोलायचं राहिलंय ते एकच आहे, असंही वाटलं.

"अप्पा, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"नंतर सांग."

"नंतर होणार नाही. अप्पा, अकरा वर्षांपूर्वी, हिची आई गेल्यावर, तुम्ही मला पत्र पाठवलं होतं. कचेरीच्या पत्त्यावर. 'घर खायला उठतं, तुमची हरकत नसेल तर तुमच्याकडे येऊन राहू का,' असं विचारलं होतंत. ते मला मिळालं होतं. मी हिला कधी सांगितलंच नाही. मी तुम्हाला उत्तरही दिलं नाही. मला तुमची भीती वाटायची. म्हटलं, दोन दिवसांनी लिहू. मग म्हटलं, आता उशीर झाला, आता काय लिहायचं. नंतर मी मनाशी ठरवून टाकलं की पत्र टपालात गहाळ झालं."

अप्पांनी फोन खाली ठेवला. माझं मनगट मात्र त्यांनी सोडलं नाही.

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

"काय?"

"तुला मिळालं होतं ते. रजिस्टर केलं होतं मी. पोचपावती परत आली. तुझी सही आहे तिच्यावर."

मी सव्वीस वर्षं पोचपावत्यांवर सह्या करून त्या परत पाठवत आलो आहे. पण त्या एका पावतीची आठवण मला अकरा वर्षांत एकदाही झाली नव्हती. आणि अप्पा अकरा वर्षं ती पावती घेऊन, एकटेच, त्या घरात राहिले होते. मुलगी दरवर्षी म्हणायची, 'अप्पा, या ना राहायला,' आणि ते दरवर्षी म्हणायचे, 'माझं इथे बरं चाललंय.' तिला वाटायचं, त्यांना एकटं राहायला आवडतं.

"तिला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तिला सांगून तुझं वजन कमी झालं असतं. मला येता आलं नसतंच." त्यांनी माझी हनुवटी धरून मान उजेडाकडे वळवली. "पापणी बघू. चष्मा काढ."

मी काढला. त्यांनी तो हातात घेतला, काडीवरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेऊन बघितला.

"हा माझा आहे," ते म्हणाले. "जुना. दोन काचांचा. वरून लांबचं, खालून जवळचं."

माझा चष्मा टेबलावर, लग्नाच्या फोटोखाली होता. मी तो लावला. भिंतीवर एकच घड्याळ होतं. आणि समोर अप्पाही एकच होते.

लाज काय असते हे मला त्या खिडकीवरच्या बाईंनी शिकवलं, असं मी समजत होतो. ती तर सुरुवात होती. मेलो असतो तर तो कबुलीजबाब शोभला असता. जिवंत माणसानं तो देऊन, पुन्हा त्याच खोलीत, त्याच माणसासमोर, धडधाकट बसून राहायचं म्हणजे काय, हे कुणाला सांगून कळणार नाही. कितीतरी वेळ मी फरशीकडे बघत होतो. घरात फरशीच्या एकशे चार लाद्या आहेत.

"अप्पा," मी शेवटी म्हटलं, "तुम्ही इथेच राहा. कायमचे."

"असं तोंडी नको," अप्पा म्हणाले. ते पुन्हा खुर्चीत टेकले होते आणि आवाजही पुन्हा वजनकाट्यावरचा झाला होता. "मी लेखी विचारलं होतं. उत्तर लेखी पाहिजे."

मी कागद घेऊन बसलो. आधी हात सवयीनं चालला. 'आपल्या पत्राच्या अनुषंगाने कळविण्यात येते की…' तो कागद मी फाडला. दुसरा घेतला. मग लिहिलं, 'अप्पा, या. मला तुमची भीती वाटत होती म्हणून उत्तर दिलं नाही. भीती अजूनही वाटते. पण या.' खाली सही केली.

त्यांनी कागद डाव्या डोळ्याशी नेऊन वाचला. दोनदा वाचला. नीट चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"विचार करून कळवतो," ते म्हणाले.

सातला बायको आली. जिन्यात तिला विमावाले भेटले होते. तिनं हातातली पिशवी दारातच टाकली, आधी अप्पांच्या पापण्या वर करून बघितल्या, मग माझ्या, आणि मग मटकन खाली बसून आधी रडली आणि नंतर अर्धा तास बोलली. आम्ही दोघं मान खाली घालून एकमेकांशेजारी बसलो होतो. ती दम घ्यायला थांबली तेव्हा अप्पा म्हणाले, "बटाटे चांगले झाले होते." पत्राबद्दल ते काही बोलले नाहीत. मी दिवसभर ज्या विषाला भीत होतो ते कुठे गेलं कोण जाणे. आता ते त्यांच्या खिशात होतं, घडी घातलेलं.

या गोष्टीला तीन आठवडे झाले. कार्यालयाकडून मात्र परवा उत्तर आलं, नमुन्याअभावी तक्रार निकाली. अप्पांचा डोळा बरा झालाय, डॉक्टरांनी घरी जायला परवानगी दिलीय, आणि ते गेलेले नाहीत. पण राहतो असंही म्हणालेले नाहीत. मला पुन्हा 'तुम्ही' म्हणतात. त्यांची बॅग त्यांच्या खोलीत पलंगाखाली आहे, भरलेली.

रोज संध्याकाळी कचेरीतून आलो की मी आधी त्यांच्या खोलीत जातो आणि खाली वाकून बघतो. बॅग असते. मग मी बूट काढतो.